एसीतून येणारा सुगंध: नक्की कोणासाठी असतो तो?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा लोकलमध्ये ज्यांचं नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना अडखळलो ते तेवढं काढलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय आहे नाकाचा.

मुंबईत वेस्टर्न लाइनवर ज्यांनी प्रवास केलाय, त्यांना विले पार्ल्याचा तो बिस्किटांचा वास नक्की आठवत असेल. डोळे मिटून बसलं तरी स्टेशन आलेलं कळायचं. पार्लेचा हा कारखाना १९२९ साली सुरू झाला आणि २०१६ मध्ये बंद पडला. तो वास कोणी मुद्दाम सोडत नव्हतं. आत बिस्किटं भाजली जायची आणि वास बाहेर यायचा, एवढंच. पण आज कारखाना नसतानाही लोक तो वास आठवून हळवे होतात. पैसे देऊन केलेल्या किती जाहिराती अशा आठवतात सांगा बरं?

धंद्यातल्या लोकांनी हे फार आधी ओळखलं. आज हॉटेलची लॉबी, मॉल, कपड्यांची दुकानं, गाड्यांच्या शोरूम, अशा कितीतरी ठिकाणी हवेत ठरवून सुगंध सोडला जातो. याला 'सेंट मार्केटिंग' म्हणतात. आणि हे आता फक्त गिऱ्हाइकांपुरतं राहिलेलं नाही, ऑफिसातही आलंय.

मागच्या वर्षी आमच्या ऑफिसात एसीच्या डक्टला असंच एक यंत्र बसवलं. सोमवारी सकाळी आलो तर सगळ्या मजल्यावर गवती चहाचा वास. मला तर आवडला. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टीममधली एक मैत्रीण डोकं धरून बसली. तिला मायग्रेनचा त्रास आहे. मी काय म्हणालो असेन? "अगं, छान तर आहे वास. होईल सवय." हे वाक्य लक्षात ठेवा. शेवटी त्याच्याकडे परत येणार आहोत.

तर आजचे प्रश्न तीन. वासाने माणसाचं वागणं खरंच बदलतं का? बदलत असेल तर किती? आणि त्याची किंमत कोण मोजतं?

वास डोक्यात कसा शिरतो?

आधी थोडं विज्ञान. डोळ्यांकडून आणि कानांकडून येणारी माहिती मेंदूत थॅलॅमस नावाच्या भागातून पुढे जाते. आपल्या भाषेत सांगायचं तर तो राउटर. वासाची वायरिंग वेगळी आहे. नाकाकडून आलेला सिग्नल या राउटरला वळसा घालून, भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत अगदी जवळच्या रस्त्याने पोचतो. म्हणून एखादा वास आला की "अरे, हा कशाचा बरं?" हे आठवायच्या आधीच बरं किंवा वाईट वाटून गेलेलं असतं.

नाकात वास ओळखणारे साधारण ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात. एक वास म्हणजे एक रिसेप्टर असा सरळ हिशोब नसतो. पेटीवर आपण चार पट्ट्या एकदम दाबतो ना, तसं प्रत्येक वासाला वेगवेगळे रिसेप्टर एकत्र वाजतात. या रिसेप्टरच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली जाहीर केला. त्यासाठी दोघांना २००४ चं नोबेल मिळालं.

आता महत्त्वाचा मुद्दा. बऱ्याच वासांचा अर्थ आपण शिकतो. मोती साबणाचा वास आला की मराठी माणसाला पहाटेची थंडी, उटणं आणि फटाके आठवतात. तोच साबण ज्याने कधी दिवाळी पाहिली नाही अशा माणसाच्या हातात द्या. तो म्हणेल, "हं, चांगला साबण आहे." बस. दिवाळी त्या साबणात नसते, आपल्या आठवणीत असते.

म्हणून "अमुक वास सोडला की माणूस शांत होतो, तमुक सोडला की खरेदी करतो" असं कोणी छातीठोकपणे सांगायला लागलं की सावध व्हायचं. माणूस म्हणजे काही असं फंक्शन नाही, की तेच इनपुट दिलं की दर वेळी तेच आउटपुट येईल.

यंत्र काम कसं करतं?

मोठ्या जागांमध्ये कोल्ड-एअर डिफ्यूझर वापरतात. यात सुगंधी तेल तापवत नाहीत. दाबाखालच्या हवेने त्याचे अगदी बारीक थेंब करतात, इतके बारीक की ते हवेत तरंगत राहतात. हे थेंब एसीच्या डक्टमध्ये सोडले की पंख्याची हवा त्यांना सगळ्या मजल्यावर पोचवते. हल्लीची अनेक यंत्रं अ‍ॅपवरून चालतात. किती वाजता सुरू, किती वाजता बंद, किती सेकंद फवारा आणि किती मिनिटं विश्रांती, सगळं सेट करता येतं. थोडक्यात, अत्तराला क्रॉन जॉब लावलाय असं समजा.

मध्ये विश्रांती कशाला? कारण नाकाला सवय होते. सतत एकच वास आला तर काही मिनिटांत तो जाणवायचा कमी होतो. घरी फोडणीचा वास आपल्याला येईनासा होतो, पण बाहेरून आलेला पाहुणा दारातच म्हणतो, "वा, काय घमघमाट सुटलाय!"

इथे एक गोम आहे. दुकानात वीस मिनिटांसाठी आलेल्या गिऱ्हाइकाला वास ताजा लागतो. नऊ-नऊ तास तिथे उभं राहणाऱ्या सेल्समनला तो काही वेळाने जाणवतच नाही. पण जाणवला नाही म्हणजे हवेतून गेला असं नसतं. श्वासातून तो आत जातच असतो. आणि सेटिंग ज्याच्या हातात आहे तो माणूसही त्याच हवेत बसलेला असेल, तर त्यालाही वास कमी वाटतो आणि तो आकडा आणखी वाढवतो.

गिऱ्हाइकावर परिणाम होतो का?

होतो. पण विकणारे सांगतात तितका सरळ नाही.

सगळ्यात जास्त ऐकवला जाणारा किस्सा लास व्हेगासचा आहे. शिकागोचे न्यूरॉलॉजिस्ट अ‍ॅलन हर्श यांनी तिथल्या एका कॅसिनोत प्रयोग केला आणि तो १९९५ साली छापून आला. स्लॉट मशीनच्या एका भागात एक सुगंध, दुसऱ्या भागात दुसरा, तिसऱ्यात काहीच नाही. पहिल्या भागात लोकांनी मशीनमध्ये टाकलेले पैसे सुमारे ४५ टक्क्यांनी वाढले. हा ४५ चा आकडा सेंट मार्केटिंगच्या प्रेझेंटेशनमध्ये हमखास सापडतो. पण त्याच प्रयोगात दुसरा सुगंधही होता, त्याने काही खास फरक पडला नाही. ही स्लाइड सहसा कोणी दाखवत नाही. शिवाय हा प्रयोग एकाच कॅसिनोत आणि एकाच वीकेंडला झाला होता. आपण एका वीकेंडच्या डेटावर प्रॉडक्शनमध्ये बदल करू का?

दुसरा प्रयोग मला जास्त पटतो. स्वित्झर्लंडमधल्या घरसजावटीच्या एका दुकानात संशोधकांनी काही दिवस साधा संत्र्याचा वास सोडला, काही दिवस संत्रं, तुळशीच्या जातीचा बेसिल आणि ग्रीन टी असा मिश्र वास, आणि काही दिवस काहीच नाही. २०१३ साली निष्कर्ष छापले गेले. साध्या वासाच्या दिवसांत लोकांनी सरासरी २० टक्क्यांच्या आसपास जास्त खर्च केला. मिश्र वासाचा तसा फायदा दिसला नाही. संशोधकांचं म्हणणं असं की साधा वास डोक्याला पटकन उमगतो, त्यावर विचार खर्च होत नाही. गुंतागुंतीचा वास नकळत लक्ष खातो. म्हणजे महागडं, सात थरांचं मिश्रण विकत घेणाऱ्या दुकानदाराने जरा थांबून विचार करायला हवा.

वास आणि बाकीचं वातावरण जुळायलाही लागतं. नाताळच्या वासावर २००५ साली असाच एक अभ्यास झाला. नाताळचं संगीत आणि नाताळचा वास एकत्र असेल तेव्हा लोकांना दुकान जास्त आवडलं. नुसता वास आणि संगीत भलतंच, तर काही फायदा नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर अत्तर दिवाळीचं आणि गाणं डीजेचं, मग कसं जमायचं?

कधीकधी काय सोडायचं यापेक्षा काय काढायचं हे जास्त महत्त्वाचं ठरतं. २००८ साली हॉवर्ड शुल्ट्झ स्टारबक्सच्या प्रमुखपदी परत आले, तेव्हा त्यांनी गरम सँडविच बंद करायची घोषणा केली. कारण? वितळलेल्या चीजच्या वासात कॉफीचा वास हरवत होता. नंतर बनवायची पद्धत बदलून सँडविच परत आली. ज्याचं दुकान कॉफीचं आहे त्याने कॉफीचा वास जपला, यंत्र वगैरे काही नाही.

आणि एक गोड प्रयोग. १९९७ साली छापलेल्या रॉबर्ट बॅरन यांच्या अभ्यासात, मॉलमध्ये कॉफी आणि ताज्या बिस्किटांचा वास येत होता तिथे लोक अनोळखी माणसाला मदत करायला जास्त तयार होते. पडलेलं पेन उचलून देणं, डॉलरचे सुटे देणं, अशी साधी कामं. कारण वासाने मूड बरा झाला होता. माझ्या मते वासाची खरी ताकद एवढीच आहे. तो मूड थोडा इकडेतिकडे सरकवतो. ज्याला खरेदी करायचीच नाही त्याच्या खिशातून तो पैसे ओढून काढत नाही.

आणि कर्मचाऱ्यांवर?

आता ऑफिसकडे येऊ. एचआर किंवा अ‍ॅडमिनला यंत्र विकायला येणारा माणूस बहुतेक वेळा जपानचं उदाहरण देतो. टायपिंग करणाऱ्यांच्या हवेत लिंबाचा वास सोडला आणि चुका ५४ टक्क्यांनी कमी झाल्या, असा आकडा वर्षानुवर्षं फिरतोय. त्यासोबत ताकासागो या कंपनीचं नाव येतं. ही कंपनी करते काय? सुगंध बनवते आणि विकते. आता हा आकडा साफ खोटा असं मी म्हणत नाही. पण चहावाल्याला "चहा प्यायल्याने काम वाढतं का?" असं विचारलं तर तो काय उत्तर देणार?

त्यापेक्षा अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा एक प्रयोग बघा. वॉर्म, डेंबर आणि परासुरामन या संशोधकांनी तो १९९१ साली प्रसिद्ध केला. काम अगदी कंटाळवाणं. ४० मिनिटं स्क्रीनकडे टक लावून बघायचं आणि क्वचित येणारा एक बारीक बदल पकडायचा. आपल्यापैकी जे कोणी रात्रीच्या शिफ्टला मॉनिटरिंग डॅशबोर्ड बघत बसलेत, त्यांना ही यातना ठाऊक आहे. काही जणांना मधूनमधून पुदिन्याचा किंवा एका फुलाच्या वासाचा झोत दिला, बाकीच्यांना बिनवासाची हवा.

निकाल काय आला? वास मिळालेल्यांनी जास्त बदल पकडले. म्हणजे काम सुधारलं. यंत्र विकणारा इथेच थांबतो. पण संशोधकांनी आणखी एक गोष्ट मोजली होती, की लोकांना कामाचा ताण किती वाटला. आणि त्यात फरक पडला नाही. वास असो नसो, काम तितकंच जड वाटलं, शेवटी लोक तितकेच शिणलेले होते.

हे मी दोनदा वाचलं. काम जास्त झालं, शीण तेवढाच राहिला. मग "आम्ही हे तुमच्या वेलनेससाठी करतोय" असा जो ईमेल येतो, त्याचं काय करायचं? एका प्रयोगावरून सगळं ठरवू नये हे मलाही कळतं. पण निदान एवढा प्रश्न तर विचारता येतो, की यातून कोणाचा काय फायदा होतोय ते कोणी मोजलंय का?

किंमत कोण मोजतं?

अ‍ॅन स्टाइनमन यांनी २०१६ साली अमेरिकेतल्या एक हजाराहून जास्त प्रौढांचा सर्व्हे प्रसिद्ध केला. त्यात ३४.७ टक्के लोकांनी सांगितलं की सुगंधी वस्तूंमुळे आम्हाला त्रास होतो. कोणाला श्वासाचा, कोणाला डोकेदुखीचा, कोणाला त्वचेचा. हे लोकांनी स्वतः सांगितलेलं आहे, डॉक्टरांनी तपासलेलं नाही, ही मर्यादा धरूनच चला. तरीही आकडा लहान नाही. त्याच सर्व्हेत सुमारे २० टक्के लोक म्हणाले की दुकानात एअर फ्रेशनरचा वास आला तर आम्ही होईल तितक्या लवकर बाहेर पडतो. म्हणजे ज्या वासाने गिऱ्हाईक आत यावं म्हणून खर्च केला, त्यानेच पाचातला एक जण बाहेर निघाला.

२००६ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत दुधाच्या जाहिरातीसाठी काही बस स्टॉपवर चॉकलेट बिस्किटांचा वास सोडला होता. अ‍ॅलर्जीच्या आणि इतर तक्रारी आल्या, आणि एक-दोन दिवसांतच ते सगळं काढावं लागलं. बस स्टॉपवर उभा असलेला माणूस बस येईपर्यंत जाणार कुठे?

ऑफिसातल्या माणसाचंही तेच. डेट्रॉइट शहराच्या नियोजन विभागात एका कर्मचारी महिलेला सहकारिणीच्या परफ्यूमचा आणि रूम फ्रेशनरचा श्वास घेण्याइतका त्रास व्हायला लागला. प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये शहराने एक लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि ऑफिसात सुगंधी वस्तू वापरू नयेत अशा सूचना लावल्या.

फरक इथे आहे, मंडळी. गिऱ्हाइकाला वास आवडला नाही तर तो दुकानातून निघून जातो. कर्मचारी निघून जाऊ शकत नाही. त्याचा पगार त्याच हवेत बसून मिळतो.

आपल्याकडे लग्नात अत्तर लावायची पद्धत आहे. कोणीतरी समोर येतं, आपण हाताची मागची बाजू पुढे करतो, मग ते अत्तराचं बोट फिरवतात. नको असेल तर आपण हात जोडून "नको" म्हणतो आणि कोणाला राग येत नाही. वास लावायच्या आधी समोरच्याने हात पुढे केलाय का, हे बघणं आपल्या रीतीतच आहे. एसीच्या डक्टला हात पुढे-मागे करायची सोय नसते.

मग करायचं काय?

ऑफिसात त्रास होत असेल तर गप्प बसू नका. कधी त्रास झाला, किती वेळ राहिला, बाहेर गेल्यावर कमी झाला का, हे आठवडाभर फोनमध्ये टिपून ठेवा. मग अ‍ॅडमिनला लेखी विचारा: कोणतं तेल वापरता, त्याची सेफ्टी शीट आहे का, फवारा कधी आणि किती, माझ्या जागेच्या वरचं व्हेंट यातून वगळता येईल का? "वास बंद करा" यापेक्षा अशा नेमक्या प्रश्नांना उत्तर मिळायची शक्यता जास्त. दम्याचा किंवा मायग्रेनचा त्रास असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडा.

गिऱ्हाईक म्हणून जाताय? दुकानात जरा जास्तच छान वाटायला लागलं तर दोन मिनिटं बाहेर या, पाणी प्या आणि मग ठरवा. वस्तू खरंच हवी असेल तर ती बाहेर आल्यावरही हवीच असेल.

आणि तुमच्यापैकी कोणाचं छोटं दुकान, कॅफे, सलून असेल तर आधी खिडकी उघडा. ओलसर भिंत, तुंबलेली मोरी, जुना एसी फिल्टर यांच्यावर सुगंध मारला तर दोन वास मिळतात, एक नाही. हवा स्वच्छ झाल्यावरही सुगंध हवाच असेल तर साधा ठेवा, कमी ठेवा, आणि काउंटरवर दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलाला आधी विचारा.

आता माझ्या त्या वाक्याकडे येतो. "होईल सवय." माझ्या मैत्रिणीला सवय झाली नाही. ती दोन आठवडे काही ना काही कारण सांगून घरून काम करत राहिली, आणि आम्हाला वाटलं तिला ऑफिसला यायचा कंटाळा आलाय. शेवटी तिने तारखांसकट मेल लिहिला. त्याखाली आम्ही सहा जणांनी "आमचीही हरकत नाही, बंद करा" असं लिहिलं. यंत्र आता फक्त रिसेप्शनला आहे. गंमत म्हणजे बंद झाल्यावर चार दिवस आमच्यातल्या कोणाच्या लक्षातही आलं नाही. ज्याचा आम्हाला पत्ताही नव्हता, तो वास तिला रोज आठ तास छळत होता.

सवय मला झाली होती, तिला नाही. तिला सॉरी म्हणालो. म्हणून हा भाग.

तुमच्या ऑफिसात किंवा दुकानात असं काही असेल तर व्हॉइस नोट पाठवून नक्की सांगा, निवडक अनुभव पुढच्या भागात ऐकवू. आणि ज्या मित्राच्या परफ्यूममुळे लिफ्टमध्ये सगळ्यांचा जीव गुदमरतो, त्याला हा भाग न बोलता फॉरवर्ड करा. भेटूया पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!